मिश्रीचा रकाना

यंत्राने अर्चनाला दोन वर्षांची सूट दिली. खरं वय एक्केचाळीस, आतड्याचं वय एकोणचाळीस, पावती हिरवीगार. आरोग्य केंद्राच्या पायरीवर उभं राहूनच अर्चनाने ती तीनदा वाचली आणि जावेला म्हणाली, "आक्का, बगा तर! बारा वर्षं पोटात नुसती आग, आन् आतडं माज्यापरीस तरणं! आता ती कराडच्या दवाखान्यातली दुर्बीण गेली उडत."

आक्का म्हणजे सारिका कणसे, खडकेवाडीची आशाताई. गावात कोण गरोदर आहे, कोणाचं बाळ डोसाला चुकलं, कोणाची शुगर वाढली, सगळं तिला तोंडपाठ. गावात संडास कुठे कुठे आहेत आणि कोणत्या घरापासून किती पावलांवर, हेही तोंडपाठ. कारण अर्चनाचा हा कोलायटिस तिला स्वतःला एकोणीस वर्षं होता, आणि या आजाराचं माणूस नव्या गावात गेलं की देवळाआधी संडास शोधतं. एका अंगणात दोन चुली, दोन जावा, आणि दोघींच्या मोठ्या आतड्याला तीच जुनाट सूज. डॉक्टर याला योगायोग म्हणत. गाव म्हणे, कणशांच्या घराला साडेसाती लागलीय.

"बरं झालं गं," सारिका म्हणाली खरी, पण तिची नजर पावतीवर नव्हतीच. अर्चनाच्या बांगड्या पार कोपरापर्यंत घसरत होत्या. गेल्या चैत्रात याच बांगड्या भरताना कासारणीने साबण मागितला होता. बाई एवढी वाळते आणि आतडं तरणं होतं, हे काही सारिकाच्या गळी उतरेना. घरापर्यंत ती अर्चनाच्या चार पावलं पुढेच चालत राहिली.

यंत्र येऊन वर्ष झालं होतं. मिक्सरएवढा पांढरा डबा, वर अंगठ्याची काच. आपण डबीत शौचाचा नमुना द्यायचा, दोन दिवसांनी अंगठा लावायचा, की पावती बाहेर. दुसऱ्या कुणाच्या अंगठ्याने ती निघत नसे. ते काय मोजतं, हे डॉ. नाझनीन मुल्ला यांनी बचत गटाच्या बैठकीत सांगितलं होतं, आणि ते सारिकाने पुढे घरोघरी इतक्यांदा सांगितलं की तिला ते आरतीसारखं पाठ झालं.

प्रत्येक पेशीत जनुकांचा एकच जाडजूड ग्रंथ असतो. पेशी डोळ्याची असो की आतड्याची, ग्रंथ तोच. मग डोळ्यात आतडं का उगवत नाही? तर प्रत्येक पेशीने कोणती पानं वाचायची आणि कोणती मिटून ठेवायची, ते ठरलेलं असतं. मिथाइल नावाचा एक चिमुकला रासायनिक गट ज्या पानाला चिकटतो, ते पान मिटतं. अक्षर एकही बदलत नाही, फक्त ते वाचलं जात नाही. कोलायटिसमध्ये आतड्याचं अस्तर सारखं सोलवटतं आणि त्या जागी घाईघाईने नव्या पेशी तयार होतात. नवी पेशी ग्रंथाची नक्कल करते, तशीच कोणती पानं मिटलेली आहेत त्याचीही. घाईत नक्कल चुकते, आणि उघडी राहायला हवीत अशी पानंही मिटतात. त्यातली काही फार मोलाची, 'आता पुरे, आणखी वाढू नकोस' असं पेशीला बजावणारी. ती मिटली की पेशीला लगाम राहत नाही आणि कॅन्सरला वाट मिळते. म्हातारपणी सगळ्यांचीच पानं थोडीथोडी मिटतात. या आजारात ती लवकर मिटतात. यंत्र ती मोजायचं आणि आतड्याचं वय सांगायचं.

यात एक मेख होती. पानं काही सूज एकटीच मिटवत नाही. पाणी, चुलीचा धूर, तंबाखू, सगळ्यांचीच बोटं त्यात असतात. म्हणून यंत्राला आधी गावाची घरोघरची माहिती पुरवली जायची. तंबाखू न लावणाऱ्या धडधाकट बायकांपैकीही बऱ्याच जणींत ज्या खुणा दिसतील, त्या इथल्या मातीच्या आहेत, आजाराच्या नाहीत, असं धरून यंत्र त्या वजा करायचं.

खडकेवाडीची माहिती गोळा केली होती सारिकाने.

दुसऱ्या दिवशी मुल्ला डॉक्टरांनी तिला खुर्ची दिली आणि स्वतः मात्र उभ्याच राहिल्या. बाईंच्या अंगात उत्साह मावत नव्हता.

"कणसेताई, हे बघा. शेजारच्या गावांत हाच आजार असलेल्या बायकांचं आतडं खऱ्या वयापेक्षा दहा-पंधरा वर्षं म्हातारं निघतं. आणि तुमच्याकडे? तुम्ही शेहेचाळीस, आतडं पंचेचाळीस. अर्चनाताई एकोणचाळीस. एकोणीस वर्षांच्या आजारानंतर ओरखडा नाही! तुमच्या गावात काहीतरी आहे. मला वाटतं, हुलगा. तुम्ही लोक रोज हुलग्याचं माडगं पिता ना?"

"पितो की," सारिका म्हणाली आणि उठून उभी राहिली.

"पुढच्या शुक्रवारी पुण्याहून टीम येतेय. पाणी, माती, हुलगा, सगळं नेणार. मी निबंध लिहायला घेतलाय."

गावात ही बातमी पोचायला कितीसा वेळ लागणार? संध्याकाळपर्यंत सरपंच प्रमोद घोरपडे यांनी 'खडकेवाडीचा आरोग्यदायी हुलगा' अशा पाकिटाचं चित्रसुद्धा काढून घेतलं. ज्या हुलग्याला काल बैलही तोंड लावत नव्हता, तो एका दिवसात अमृत झाला.

सारिकाला मात्र एका जागी बसवेना. भाकरी थापताना ती तीनदा उठली. नवरा धनाजी म्हणाला, "पोट बिघडलंय का?" ती म्हणाली, "व्हय." तेवढं तरी खरं होतं.

माहितीच्या टॅबवर एक रकाना होता: मिश्री किंवा तंबाखू, होय की नाही. भर अंगणात, बाजेवर सासरा बसलेला, दारात नवरा उभा, आणि सारिकाने विचारायचं, "मावशी, मिश्री लावता?" दातांच्या कडा काळ्याकुट्ट असलेली मावशी पदर ओढून म्हणायची, "छ्या, बया! आमच्या घरात न्हाई तसलं." आता यावर काय लिहायचं? बाईला चारचौघांत खोटं पाडायचं? उद्या तिच्याच दारात डोस पाजायला जायचं असतं. सारिका लिहायची, नाही. म्हाताऱ्या पारूबाईने तर तोंडात मिश्रीचा तोबरा असल्याने नुसतीच मान हलवली होती. तिचंही 'नाही'. चारशे बारा बायका, चारशे बारा 'नाही'. त्या जोरावर खडकेवाडीला तंबाखूमुक्त गावाचा पुरस्कार मिळाला, फाट्यावर पाटी लागली, सारिकाला शाल-नारळ मिळाला. बचत गटाची अध्यक्ष म्हणून सगळ्यांना तंबाखूमुक्तीची शपथ दिली होती अर्चनाने, आणि खणखणीत आवाजात.

त्या चारशे बारांत सारिका होती आणि अर्चनाही. एकोणीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा रक्त पडायला लागलं तेव्हा सासूने चिमूटभर मिश्री तळहातावर ठेवली होती. "लाव. पोट धरतंय." आणि पोट खरंच धरलं. तंबाखूतलं निकोटिन काही जणांच्या कोलायटिसची आग तात्पुरती दडपतं. वेदना कमी होते, आतली मोडतोड चालूच राहते. हे सारिकाला पुढे प्रशिक्षणात कळलं. पण तोवर सवय लागली होती, आणि अर्चनाला आजार झाला तेव्हा ती डबी सारिकानेच तिच्या हातात ठेवली होती.

आता यंत्राचं गणित तिला लख्ख दिसत होतं. गावातल्या किती बायकांच्या अंगात तंबाखूच्या खुणा, आणि माहितीत तंबाखू लावणारं कोणीच नाही. बिचाऱ्या यंत्राने त्या खुणा खडकेवाडीच्या मातीच्या ठरवल्या आणि सगळ्यांच्या वजा केल्या. सूज जी पानं मिटवते त्यातली बरीचशी तंबाखूही मिटवतो. म्हणजे अर्चनाचं खरं संकटही त्या वजाबाकीत पुसलं गेलं. वर सरकारी नियम असा की पावती हिरवी आली की मोफत दुर्बीण तीन वर्षं पुढे. अर्चनाचा पुढच्या महिन्याचा नंबर कालच दुसऱ्या कुणाला गेला होता. तीन वर्षांनी अर्चना असेल की नाही, कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मागच्या परसात गेली. अर्चना तव्यावर तंबाखू भाजत होती.

"अर्चे, नमुना परत देऊ या. यंत्र चुकलंय."

"का चुकंल? अख्ख्या गावाचं बरूबर आलं, माजंच बरं चुकलं?"

"गावाचंच चुकलंय. ह्याच्यामुळं." सारिकाने तव्याकडे बोट दाखवलं आणि सगळं सांगितलं.

अर्चनाने तवा खाली उतरवला. ती उलथन्याने काळी पूड गोळा करू लागली. मग म्हणाली, "आक्का, मला दुर्बिणीचं सांगू नका. मागच्या बारीला त्यो पोरगेला डॉक्टर आन् मी तशी उगडी. आठ दीस भाकरी गोड लागली न्हाई. आन् आता सांगायचं का गावाला, की शपथ घालणारीच मिश्री लावतीया? माजं तोंड कुठं लपवू?"

"तोंडापेक्षा जीव मोठा हाय गं."

"तुमचा बी तेवढाच मोठा हाय. तुमी काडली का दुर्बीण?"

सारिका तरातरा चालत गावाबाहेर कॅनॉलपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. रकाना तिने भरला होता. डबी तिने दिली होती. अर्चनाला काही झालं तर तो खून आपल्या हातून झाला, असं तिला स्पष्ट वाटत होतं.

सोमवारी तिने मुल्ला डॉक्टरांपुढे टॅब ठेवला. "मॅडम, हुलगा-बिलगा काही न्हाई. मी लबाडी केलीया."

डॉक्टर ऐकत गेल्या तसा त्यांचा चेहरा लाल होत गेला. "चारशे बारा? सगळ्या? अहो ताई, मी हुलग्यावर अकरा पानं लिहिली!" मग त्या मटकन खुर्चीत बसल्या. "नशीब, शुक्रवार यायचाय."

सारिकाने त्यांच्यासमोरच स्वतःच्या आणि अर्चनाच्या नावापुढचा 'नाही' खोडून 'होय' केला. मग तिने स्वतःचा अंगठा लावला. यंत्र गुरगुरलं. पंचेचाळीस, हिरवी.

"दोघींनी भागत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "चारशे दहा बायका अजून 'नाही' म्हणतायत. यंत्राला वाटतं, तंबाखू न लावणाऱ्यांतही त्याच खुणा आहेत, म्हणजे त्या मातीच्याच. सगळं गाव खरं बोललं तरच ते नव्याने शिकेल."

"मॅडम, तुमी नुसतं लिहून द्या की, अर्चनाला दुर्बीण करा म्हणून."

"दिलं तर हिरव्या पावतीवर ते तिला परत पाठवतील. आणि ती जाईल तरी का?"

सारिका पुन्हा दारोदार फिरली. या वेळी अंगण टाळून न्हाणीघराच्या आडोशाला, एकेकीला बाजूला घेऊन. तरी तेच. "बया, आपण न्हाई." एक तर म्हणाली, "आशाताई, पुरस्कार परत न्यायला आल्यात व्हय?" मंगळवार गेला, बुधवार गेला. अर्चनाने परसातलं दार आतून लावून घेतलं.

गुरुवारी सकाळी सात वाजता दूध डेअरीवर नेहमीची गर्दी होती. कॅन घेतलेले गडी, किटल्या घेतलेल्या बायका, फॅट मोजणारा सचिव, रांगेत धनाजीसुद्धा. सारिका डेअरीच्या ओट्यावर चढली, मांडी घालून बसली, कमरेची डबी काढली आणि सगळ्यांदेखत तर्जनीवर मिश्री घेऊन दातांना घासू लागली.

रांग जागच्या जागी थांबली. सचिवाच्या हातातलं दुधाचं माप उतू गेलं. धनाजीने आधी बायकोकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे.

सारिका थुंकली, पदराने तोंड पुसलं आणि उभी राहिली. सगळ्यांना ऐकू जाईल असं ती बोलली. "एकोणीस वर्षं लावतीया. कुणाला सांगितलं न्हाई. तुमी 'न्हाई' म्हणालात, मी 'न्हाई' लिवलं, आन् त्या 'न्हाई'पायी यंत्रानं आजारी बायकांना धडधाकट म्हणून घरी धाडलंया. माज्या घरातलीच एक हाय त्यात. तिला काय झालं तर मी कुणाला तोंड दावू? आज जिला खरं सांगायचं तिनं सांगा. मी कुणाला नावं ठेवायची न्हाई, मलाच ठेवा."

सरपंच घोरपडे पुढे सरसावले, "आवं वैनी, उद्या पुण्याची माणसं येत्यात, निदान हुलग्याचं तरी..."

तेवढ्यात मागून काठी टेकत पारूबाई आली. ओट्यावर हळूच बसली आणि सारिकापुढे तळहात पसरला. "आण हिकडं जराशी. माजी डबी घरी ऱ्हायली." मग दाताला लावता लावता म्हणाली, "आन् माज्या नावाम्होरं लिव, साठ वर्षं. सासऱ्याला भेत हुते, त्यो बी मेला, नवरा बी मेला. आता भ्यायचं कुणाला?"

कोणीतरी फिसकन हसलं. मग एक किटली खाली ठेवल्याचा आवाज आला, मग दुसरी. नऊ वाजेपर्यंत टॅबवर सत्तर 'होय' झाले आणि संध्याकाळपर्यंत एकशे त्रेसष्ट. काही जणींनी नवऱ्यासमोर मान ताठ करून सांगितलं, काहींनी सारिकाच्या कानात. पुण्याची टीम आली ती हुलगा न घेताच परत गेली. फाट्यावरची पाटी उतरली, सारिकाला वरून खुलासा मागणारं पत्र आलं. धनाजी तिच्याशी चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी त्याने स्वतः चहा केला आणि तिच्यापुढे कप ठेवून म्हणाला, "आईनंच लावली म्हन की सवय. मला सांगायचंस तरी." सारिका त्याच्यासमोर पोटभर रडली.

यंत्राला नव्याने शिकायला आठवडा लागला. अर्चना अंगठा लावायला आली ती सारिकाकडे न बघता. या वेळी पावती लाल निघाली. आतड्याचं वय एकोणसत्तर.

अर्चनाने ती एकदाच वाचली. "आक्का, तुमी बोलला नसता तर मी एकुणचाळीसच ऱ्हायले असते."

"एकोणसत्तरच होतीस गं आदीबी," सारिका म्हणाली. "फकस्त आपल्याला ठावं नव्हतं."

लाल पावतीला नंबर आठ दिवसांत मिळाला. दुर्बिणीत उजव्या बाजूला दोन बोटं रुंदीचा सपाट चट्टा सापडला, सहज बघताना नजरेतून सुटावा असा. तपासणीला पाठवलेल्या तुकड्याचा अहवाल आला. पेशी बिघडल्या होत्या, पण कॅन्सर झाला नव्हता. अजून वर्षभराने झाला असता, असं कराडचे डॉक्टर म्हणाले. मोठं आतडं काढावं लागलं. पोटावर पिशवी आली. दवाखान्यातले अकरा दिवस सारिका तिच्या उशाशी होती. पिशवी कशी बदलायची ते आधी ती शिकली, मग तिने अर्चनाला शिकवलं. अर्चना कामापुरतंच बोलायची. सारिकाने तिला तेवढ्यावर सोडलं, कारण राग धरायचा तिला हक्क होता.

या सगळ्यात सारिका नवी पावती काढायची तेवढी विसरली. विसरली कसली, टाळत होती. 'होय' म्हणणाऱ्या बाकीच्या जणींना तिने स्वतः यंत्रापुढे नेऊन उभं केलं, अंगठा कसा लावायचा ते दाखवलं, आणि आपली पाळी आली की तिला नेमकं कुठलंतरी बाळ डोसाला चुकल्याचं आठवायचं. मुल्ला डॉक्टरांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती लगबगीने निघून गेली.

दीड महिन्याने अर्चना आरोग्य केंद्रात आली. अंग थोडं भरलं होतं, चालणं सावकाश होतं. सारिका औषधांचं कपाट लावत होती. अर्चनाने मागून येऊन तिचं मनगट धरलं आणि तिला यंत्रापुढच्या स्टुलावर बसवलं.

"अगं, सोड. ते बघ, गोळ्या अजून..."

"गोळ्या कुटं पळून जात न्हाईत. लावा अंगठा."

सारिकाने दाराकडे पाहिलं. दारात धनाजी मोटारसायकलची चावी घेऊन उभा होता. "अर्चे, खरं सांगते, मला लई भ्या वाटतंय," ती म्हणाली. "लाल निगाली तर?"

"निगू दे. आन् हिरवी निगाली तरी काय सुटका न्हाई तुमची." अर्चनाने पिशवीतून एक कागद काढून तिच्या मांडीवर ठेवला. कराडच्या दवाखान्याचा शिक्का, खाली सारिका धनाजी कणसे, दुर्बीण, सोमवार, सकाळी नऊ. "नियम बदललाया. धा वर्षांवरच्या आजाराला आता पावती बगत न्हाईत. मी कालच जाऊन नंबर लावला. त्या खोलीत मी तुमच्या शेजारी हुबी ऱ्हाणार हाय, डॉक्टरला इचारून आलीया."

सारिकाने तो कागद दोन्ही हातांनी धरला. मग तो अर्चनाकडे जपून ठेवायला दिला आणि अंगठा काचेवर ठेवला.